भेगांची जीभ की नकाशाची जीभ, बॅक्टेरिया नेमके बसतात कुठे

आमच्या इंदूरच्या मराठी घरांमधे जिभेचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकतात, "हे काय झालंय बघा गं", आणि उत्तर ठरलेलं असतं, पोट साफ नाहीये, जिभीनं, म्हणजे जीभ खरवडायच्या पट्टीनं, नीट घास. पण फोटोत दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक भेगाळलेली जीभ, म्हणजे फिशर्ड टंग, आणि दुसरी नकाशावाली, जिऑग्राफिक टंग. दोन्ही निरुपद्रवी, एकाची दुसऱ्याला होत नाही, आणि बऱ्याचदा एकाच जिभेवर दोन्ही सापडतात म्हणून आणखी घोळ. बॅक्टेरियाचं गणित मात्र दोघींचं उलटं आहे.

आधी जीभ वरून खरखरीत का लागते ते बघा. तिच्यावर दोऱ्यासारखे बारीक उंचवटे असतात, फिलिफॉर्म पॅपिली. यांना चव कळत नाही, टेस्ट बड्स त्यांच्यावर नसतातच, टोकाला केराटिन असतं, नखात असतं तेच. टॉवेलच्या रोव्यांत मळ अडकतो तसं या दोऱ्यांमधे झडलेल्या पेशी, अन्नाचे कण, लाळेतलं प्रोटीन अडकतं आणि त्यात बॅक्टेरिया मुक्काम ठोकतात. घशाकडच्या भागात जास्त, कारण जिभेचं टोक सारखं दातांना-टाळूला घासत राहतं, मागे ते कमी होतं. थर जाड झाला की आत ऑक्सिजन पोचत नाही, मग ज्यांना ऑक्सिजन नकोच असतो ते तिथे वाढतात आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू सोडतात, सकाळचा तोंडाचा वास बराचसा तोच.

आता भेगांची जीभ. मधोमध एक चीर आणि तिला आडवे फाटे, काहींच्या चिरा तर ५-६ मिलीमीटर खोल. वयाबरोबर हे वाढतं. भेग स्वतः दुखत नाही, पण पोह्यातल्या शेवेचा चुरा, जीरावण मसाला, सगळं खाली जाऊन बसतं आणि जिभी वरून सपाट फिरते, चिरेत उतरतच नाही. मग वास येतो, कधी चुरचुरतं. इथे मऊ ब्रश, हलक्या हातानं, चिरेच्या दिशेनं, आणि खाल्ल्यावर खळखळून चूळ भरायची, एवढंच.

नकाशाच्या जिभेत दोरेच जागोजागी झडलेले असतात. लाल गुळगुळीत चट्टा, भोवती पांढरट कड, आणि आज डावीकडे तर पुढच्या आठवड्यात उजवीकडे. १०० पैकी १ ते ३ लोकांना हे असतं, सोरायसिस या त्वचारोगवाल्यांत जरा जास्त दिसतं. आरशाजवळ जाऊन बघा, चट्ट्यात ठळक लाल ठिपके दिसतात, त्या फंगिफॉर्म पॅपिली, चवीवाल्या, आजूबाजूचे दोरे गेले म्हणून उघड्या पडलेल्या. लोकांना वाटतं हेच इन्फेक्शन. खरं तर बॅक्टेरियाला धरून बसायला इथे दोरेच उरलेले नाहीत, आणि आपण नेमकं तेच खरवडतो! वरचं पातळ कातडं सोलवटतं, मग सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गराडूवर (तळलेल्या कंदावर) लिंबू-मसाला पडला की डोळ्यांत पाणी. तिखट-आंबट थोडे दिवस कमी करा, चट्टा आपोआप भरतो.

आणि हो, जिभेवरचे सगळे बॅक्टेरिया शत्रू नाहीत, पालक-बीटातल्या नायट्रेटचं नायट्राइट तेच करतात आणि त्याचा बीपीला फायदा होतो, म्हणून स्वतःच्या मनानं रोज कडक माउथवॉश मारत बसण्यात मला तरी शहाणपणा वाटत नाही.

पांढरा थर पुसल्यावर खाली लालभडक, रक्ताळलेलं निघालं तर ती बुरशी असू शकते, डेंटिस्टला दाखवा. आणि चट्टा जागा बदलतच नसेल, विशेषतः जिभेच्या कडेला असेल, हाताला कडक लागत असेल, दोन आठवडे झाले तरी तिथेच असेल, तर तो नकाशा समजू नका, डॉक्टरला दाखवा, गुटखा-सुपारी खाणाऱ्यांनी तर दोन आठवडेही थांबू नका.