अंकलीचा घोडा विमानात बसवायचा झाला तर

चिक्कोडी तालुक्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून, दरवर्षी दोन अश्व आळंदीला निघतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार. दुसऱ्याची पाठ रिकामी, कारण तो माउलींचा. मिरज, सातारा, पुणे अशी मजल दरमजल करत ते चालतच जातात. आता समजा, बेळगाव भागातला असाच एखादा उमदा घोडा जर्मनीला धाडायचा आहे. घोडागाडीच्या शर्यतीसाठी घोडा घेणारा आपला माणूस दात, खूर आणि चाल बघून सौदा ठरवतो. तिकडच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचं तेवढ्यावर समाधान होत नाही. त्याला हवं असतं घोड्याचं रक्त, नाकातला स्राव, मानेत टोचलेल्या चिपचा क्रमांक आणि गेले काही महिने घोडा कुठे, कुणासोबत होता याची नोंद.

घोड्याच्या बऱ्याच रोगांची खोडच अशी, की जनावर धडधाकट दिसतं आणि जंतू आत मुक्काम ठोकून असतो. ‘इक्वाइन इन्फेक्शस अ‍ॅनिमिया’ म्हणजे घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय त्यातला पक्का. विषाणू एचआयव्हीच्या कुळातला. एकदा शिरला की जन्मभर सुटका नाही आणि औषधही नाही. रक्त पिणारी मोठी माशी एका घोड्यावरून उठून दुसऱ्यावर बसली, की तिच्या तोंडाला लागलेलं रक्तच रोग पोचवतं. यासाठी कॉगिन्स चाचणी करतात. घोड्याच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, असतील, तर जेलीच्या थरात पांढरी रेघ उमटते. मेख अशी, की लागण झाल्यावर प्रतिपिंडं दिसायला दीड महिनाही लागू शकतो. म्हणून आज रेघ नाही म्हणजे रोग नाही, असं म्हणता येत नाही. मधल्या काळात घोडा इतरांपासून वेगळा होता, हेही दाखवावं लागतं.

गोचिडांमुळे होणारा पायरोप्लाझ्मोसिस हा रक्तातल्या परजीवींचा रोग आपल्याकडे नवलाचा नाही. मेंढरांमागून धनगरांचं बिऱ्हाड वाहणारं एखादं तट्टू तो अंगात बाळगून वर्षानुवर्षं काम करत राहील. अमेरिका मात्र असा घोडा सहसा उतरू देत नाही. सर्रा हा चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा रोग. त्याचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली तेव्हाच्या पंजाबातच शोधला. ग्लँडर्स हा जिवाणूंमुळे होणारा रोग तर माणसालाही होतो. त्यासाठी आपल्याकडे १८९९ साली कायदा झाला, त्याची जागा पुढे जनावरांच्या संसर्गजन्य रोगांवरच्या २००९च्या कायद्याने घेतली आणि बाधित घोड्याला दयामरण द्यावं लागतं. या रोगाच्या निदानातलं देशातलं मुख्य नाव म्हणजे हिस्सारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र.

सगळ्यात धास्ती आहे ती आफ्रिकन हॉर्स सिकनेस या जीवघेण्या विषाणूरोगाची. तो पसरवतात डोळ्याला जेमतेम दिसणारी चिलटं. १९६० साली हा रोग भारतातही शिरला होता. इथली शेवटची नोंद १९६३ची. तरी २०१४ साली जागतिक पशुआरोग्य संघटनेने मान्यता देईपर्यंत आपला देश कागदोपत्री रोगमुक्त ठरला नव्हता. रोग असलेल्या प्रदेशातून घोडा न्यायचा तर बारीक जाळीच्या तबेल्यात अनेक दिवस काढावे लागतात. जंतूंपासून दूर ठेवायचं म्हटल्यावर आपण साबण आणि फिनाइल आठवतो. इथे खरं काम जाळीच्या भोकांचं.

एवढा जाच कशासाठी, हे ऑस्ट्रेलियाला विचारावं. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमधल्या घोडेस्वारीच्या स्पर्धा तिथल्या कडक विलगीकरणामुळे चक्क स्वीडनमध्ये, स्टॉकहोमला भरवल्या होत्या. त्याच देशात २००७ साली घोड्यांचा फ्लू शिरला, तोही परदेशातून आलेल्या घोड्यांसोबत, सरकारी विलगीकरण केंद्रातून. ते घोडे लस घेतलेले होते. पण लस घोड्याला आजारातून वाचवते. नाकातून विषाणू बाहेर पडणं ती दर वेळी थांबवत नाही. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या आणि सामानाच्या स्वच्छतेत ढिलाई झाली आणि सुमारे दहा हजार ठिकाणी रोग पोचला. म्हणूनच लसीचा दाखला असला, तरी नाकातल्या स्रावाची तपासणी मागतात.

विमानातही एक बारकी गोष्ट जिवावर बेतते. घोड्याच्या श्वासनळीतली घाण मान खाली घातल्यावर बाहेर येते. उडी मारू नये म्हणून त्याचं डोकं तासन्‌तास वर बांधून ठेवलं, तर तीच घाण फुप्फुसांकडे उतरते आणि न्यूमोनिया होतो. जाणकार माणूस त्यामुळे दोरी जरा सैल ठेवतो आणि घोडा उतरल्यावरही त्याचा ताप मोजत राहतो.

तपासणी एका घोड्याची होते खरी, पण निकाल बराचसा त्याच्या शेजाऱ्यांवर ठरतो. बंगळूरचा घोडेस्वार फवाद मिर्झा असो की २०२३च्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली करून घेण्याच्या प्रकाराचं, सुवर्ण जिंकणारा भारतीय चमू, तयारी युरोपातल्या घोड्यांवर झाली, यामागे हेही एक मोठं कारण. त्यावरचा तोडगा जुलै २०२५ मध्ये मेरठला निघाला. तिथल्या लष्करी अश्वकेंद्राला ‘रोगमुक्त कक्ष’ म्हणून जागतिक मान्यता मिळाली. अख्खा देश रोगमुक्त करायची वाट न पाहता कुंपणाआतले घोडे, चारा, माणसं आणि माश्या यांच्यावर पहारा ठेवायचा, अशी ही व्यवस्था. कुंपणाबाहेरच्या, म्हणजे बेळगावकडच्या रायबाग-अथणीच्या माळावरच्या घोड्याला मात्र अजून सगळ्या चाचण्या जुन्याच वाटेने द्याव्या लागतील.