बाळांमधील अन्नाची ॲलर्जी आणि ताप

एखाद्या खाद्यपदार्थातील प्रथिन मुळात निरुपद्रवी असूनही शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा त्याच्यावर तुटून पडते, तेव्हा तिला अन्नाची ॲलर्जी म्हणतात. ताप म्हणजे शरीराचे तापमान ३८ अंश सेल्सिअस (१००.४ अंश फॅरनहाइट) किंवा त्याहून वर जाणे. बाळाच्या पहिल्या दोन वर्षांत दोन्ही गोष्टी अनेकदा एकाच आठवड्यात गाठ पडतात आणि घरोघरी त्यांचा संबंध जोडला जातो. अन्नाच्या नेहमीच्या ॲलर्जीत मात्र ताप येत नाही. बाळ तापले असेल, तर आधी जंतुसंसर्ग शोधायचा असतो.

गोंधळ होतो तो वयामुळे. उष्टावण साधारण सहाव्या महिन्यात होते. त्याच सुमारास आईकडून गर्भात मिळालेली प्रतिपिंडे ओसरत आलेली असतात, बाळ हाताला लागेल ते तोंडात घालू लागते, सर्दी-खोकला आणि जुलाब सुरू होतात. दात येताना अंग किंचित कोमट लागते, पण सणसणीत ताप दातांमुळे येत नाही. अशा दिवसांत आदल्या दिवशी अंड्याचा बलक भरवला असेल, तर ‘अंडं बाधलं’ हा निष्कर्ष ठरलेलाच.

रोझिओला या आजारात ही फसगत सर्वाधिक होते. सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या बाळांना विषाणूमुळे होणाऱ्या या आजारात तीन ते पाच दिवस ३९-४० अंशांपर्यंत ताप राहतो. तो उतरतो आणि छाती-पाठीवर बारीक गुलाबी पुरळ उमटते. मधल्या दिवसांत दिलेले अन्न किंवा प्रतिजैविक यांच्या माथी दोष जातो आणि ‘ॲलर्जी आहे’ हा शेरा वर्षानुवर्षे बाळाच्या फाइलवर राहतो. हे पुरळ सहसा खाजत नाही आणि बाळ हसते-खेळते असते. ॲलर्जीच्या गांधी फुगीर असतात, त्यांना खाज सुटते आणि काही तासांत त्या एका जागी मावळून दुसरीकडे उठतात. यालाच आपण पित्त उठणे म्हणतो. पण लहान मुलांत असे पित्त विषाणूसंसर्गानेही उठते. सोबत ताप असेल तर संशय आधी विषाणूवर घ्यावा.

खऱ्या ॲलर्जीत वेळ महत्त्वाची. दूध, अंडे, शेंगदाणा, गहू, काजू, तीळ, मासे यांची तत्काळ ॲलर्जी खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते: ओठ-पापण्या सुजतात, गांधी उठतात, उलटी होते. श्वासाला घरघर लागली, आवाज बसला किंवा बाळ मलूल पडले, तर आमसुलाचे पाणी लावत बसू नये. मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच उपचार आहे आणि त्यासाठी ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. काही ॲलर्जी सावकाश उमटतात. गाईच्या दुधामुळे गुटगुटीत, हसऱ्या बाळाच्या शीमध्ये रक्ताच्या रेषा दिसू शकतात. अशा बाळाला म्हशीचे किंवा शेळीचे दूध देऊन प्रश्न सुटत नाही, कारण त्यांतील प्रथिने बरीच सारखी असतात. आतड्यांच्या ॲलर्जीच्या एका तीव्र प्रकारात खाल्ल्यावर एक ते चार तासांनी उलट्यांवर उलट्या होतात, बाळ पांढरेफटक पडते. तो रक्तातील जंतुसंसर्गासारखा दिसतो, म्हणून निदान डॉक्टरांवरच सोपवावे.

ॲलर्जी ही कल्पना मात्र तापलेल्या मुलांच्या निरीक्षणातूनच पुढे आली. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी घोड्याच्या रक्तद्रवापासून केलेले प्रतिविष टोचलेल्या मुलांना काही दिवसांनी ताप, पुरळ आणि सांधेदुखी होते हे १९०५ मध्ये मांडले; १९०६ मध्ये पिर्के यांनी ॲलर्जी ही संज्ञा दिली. ती रक्तद्रवामुळे (सीरममुळे) होणारी व्याधी होती, अन्नामुळे होणारी नव्हे.

ताप आणि ॲलर्जी यांचा एक धागा खरा आहे: आजारपणात ॲलर्जी असलेल्या मुलाला एरवीपेक्षा कमी मात्रेनेही त्रास होऊ शकतो. म्हणून तापाच्या दिवसांत नवा पदार्थ सुरू करू नये. पण भीतीपोटी पदार्थ टाळत राहणेही घातक. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ४ ते ११ महिन्यांपासून नियमित शेंगदाणा खाल्लेल्या, ॲलर्जीची जोखीम जास्त असलेल्या मुलांत पाच वर्षांच्या वयाला त्याची ॲलर्जी तो टाळलेल्या मुलांपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. आपल्याकडे कूट घरात असतेच; ते अगदी बारीक करून पातळ पेजेत मिसळावे, अख्खा दाणा कधीही देऊ नये. आधीच तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर सुरुवात डॉक्टरांना विचारून करावी.

तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला तर घरी वाट पाहू नये. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते, एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम. ड्रॉप्समध्ये सहसा एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असते, तर सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५०. सात किलोच्या बाळाला ड्रॉप्स एकच मिलिलिटर पुरतात. तेच चमचाभर पाजले तर मात्रा पाचपट होते. बाटलीवरचे आकडे वाचल्याशिवाय औषध भरू नये. ॲस्पिरिन बाळांना द्यायचे नसते.

अंड्याच्या ॲलर्जीच्या धास्तीने गोवर-रुबेलाची लस लांबवली जाते. काही लशींतील गोवराचा विषाणू कोंबडीच्या भ्रूणपेशींवर वाढवलेला असला तरी ती अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना सुरक्षित आहे, आणि नवव्या महिन्यात वेळेवरच द्यावी. लस घेतल्यावर आठवडा-दीड आठवड्याने येणारा हलका ताप आणि पुरळ ही ॲलर्जी नव्हे.