काळं दिसतं ते मेलेलं कातडं

२०२१च्या उन्हाळ्यात इंदुरात अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाच्या इंजेक्शनांसाठी रांगा लागल्या आणि ‘काळी बुरशी’ हे नाव रामबागेपासून सुदामानगरपर्यंत घरोघरी पोचलं. मला ते नाव तेव्हाही खटकायचं. या आजाराचं खरं नाव म्यूकरमायकोसिस, आणि त्याची बुरशी, म्हणजे म्यूकर, काळी नसतेच. तिचे तंतू रक्तवाहिनीची भिंत फोडून आत शिरतात, आत रक्त गोठतं, पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरून काळा पडतो.

कोविडमुळे नाका-डोळ्यांतला म्यूकर सगळ्यांना कळला, कातडीतला फारसा नाही. तो बहुधा जखमेतून येतो: अपघात, भाजणं, जखमेत गेलेली माती. यातल्या अ‍ॅपोफिसोमायसिस या बुरशीचं वर्णन १९७९मध्ये प्रथम झालं, ते उत्तर भारतातल्या एका आमराईच्या मातीवरून. मधुमेह नसलेल्या, धडधाकट माणसालाही ती गाठते.

देवास रस्त्यावर मोटरसायकलवरून थेट शेतात फेकल्या गेलेल्या एका तरुणाची बायोप्सी माझ्याकडे, पॅथॉलॉजिस्टकडे, आली होती. मांडीवरची जखम आठवड्याभरात काळी पडत चाललेली. तुकडा चरबीपर्यंत खोल घेतला होता, हे फार बरं झालं. वरवरच्या तुकड्यात नुसतं मेलेलं कातडं येतं आणि खरा पुरावा खालीच राहतो. चरबीतल्या एका लहानशा धमनीत गुठळी होती. भिंग वाढवलं तर गुठळीत तंतू दिसले, चुरगळलेल्या रिबिनीसारखे, आत आडपडदे जवळपास नाहीत, फांदी काटकोनाच्या आसपास फुटलेली. अशा वेळी माझी फूटपट्टी म्हणजे शेजारी पडलेली लाल रक्तपेशी. ती साधारण ७ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हे तंतू तिच्याहून रुंद होते, काही ठिकाणी दुप्पट.

अ‍ॅस्परजिलस ही दुसरी बुरशी असती तर तंतू ३ ते ६ मायक्रॉनचे, एकसारख्या जाडीचे दिसले असते, ठरावीक अंतरावर पडदे आणि साधारण ४५ अंशांत फांद्या. एवढ्याशा फरकावर औषध ठरतं. अ‍ॅस्परजिलसवर चालणारं व्होरिकोनाझोल म्यूकरवर चालत नाही. तिथे अँफोटेरिसिनच लागतं, आणि तेही लगेच.

पण डोळे फसतात. तंतूला पडलेली घडी पडद्यासारखी दिसते, काप तिरपा गेला तर फांदीचा कोन बदलतो. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत कातडीवर उठणारा फ्युझेरियम (आणखी एक बुरशी) तर स्लाइडवर हुबेहूब अ‍ॅस्परजिलससारखा दिसतो. म्हणून रिपोर्टात मी बुरशीचं नेमकं नाव लिहीत नाही. ‘रुंद, विरळ पडद्यांचे तंतू, म्यूकर गटाशी जुळणारे’ एवढंच लिहिते. चांदीच्या क्षारांचं रंजक वापरलं की हिरव्या पार्श्वभूमीवर तंतू काळेभोर उमटतात. म्यूकर मात्र कधीकधी तो रंग नीट धरत नाही, तेव्हा रोजच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवरच जास्त भरवसा ठेवावा लागतो.

नेमकं नाव कल्चरवरून, म्हणजे तुकड्यातली बुरशी प्लेटवर वाढवून, कळतं, आणि इथेच घोटाळा झाला होता. सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये घालून पाठवला होता. फॉर्मेलिनमध्ये बुरशी मरते, मग ती उगवणार कुठून? सर्जन मंडळींना माझी कळकळीची विनंती असते: बुरशीची शंका आली की दोन तुकडे घ्या, एक फॉर्मेलिनमध्ये, दुसरा सलाइनमध्ये. कल्चर लावणाऱ्यांनाही सांगते की तो तुकडा खलात घोटू नका, हलक्या हाताने बारीक चिरा. म्यूकरचे तंतू सलग नळीसारखे असतात. घोटले की फुटून मरतात.

रिपोर्ट टाइप व्हायची वाट न बघता मी सर्जनना फोन केला. ‘मॅडम, किती कापू?’ असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कडेला रक्त येईपर्यंत. जिथे रक्त येतं तिथल्या वाहिन्या अजून मोकळ्या असतात.

त्याच ऑपरेशनमध्ये त्यांनी दुसरा तुकडा सलाइनमध्ये पाठवला. तिसऱ्या दिवशी प्लेटवर वाढ आली, पांढरी, पिंजलेल्या कापसासारखी.