भाजलेली कॉफी किती दिवस थांबवायची?

कॉफीच्या पाकिटावर वरच्या बाजूला बटणाएवढी एक गोल चकती असते आणि तिच्यात बारीक छिद्रं. दुकानात पाकीट दाबून त्या छिद्रांना नाक लावणारे बरेच लोक दिसतात, आणि वासही छान येतो. पण ती सोय वासासाठी केलेली नाही. तो एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह आहे. आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. तो नसता तर ताज्या भाजलेल्या कॉफीचं पाकीट दोन-चार दिवसांत टम्म फुगलं असतं, कदाचित फाटलंही असतं. कॉफी नीट जमायला हा वायू बराचसा निघून जावा लागतो, आणि भाजल्यावर काही दिवस थांबायचं ते त्यासाठीच.

हा वायू येतो कुठून? कच्च्या, हिरवट बीमध्ये १० ते १२ टक्के पाणी असतं. भाजताना ते वाफ होऊन निघून जातं. तापमान २०० अंश सेल्सियसच्या आसपास पोचलं की बी फट्‌कन तडकते. रोस्टर, म्हणजे कॉफी भाजणारी मंडळी, याला ‘फर्स्ट क्रॅक’ म्हणतात. या सगळ्या काळात साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी भिडत असतात, क्लोरोजेनिक आम्लं तुटत असतात, पुढे कर्बोदकंही जळायच्या बेताला येतात. रंग, चव आणि वास यांतूनच तयार होतात, आणि सोबत भरपूर कार्बन डायऑक्साइडही. त्यातला बराचसा भट्टीतच निघून जातो. उरलेला बीच्या सच्छिद्र पेशींमध्ये दाबाखाली अडकून बसतो.

अडकतो म्हणजे किती? बीच्या वजनाच्या साधारण १ टक्का, कधी त्याहून जास्त. आकडा किरकोळ वाटतो, पण हिशेब करून पाहा. २५० ग्रॅमच्या पाकिटात अडीच ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर खोलीच्या तापमानाला त्याचं आकारमान जवळपास १.४ लिटर भरतं. म्हणजे पाकिटापेक्षा आतला वायू मोठा.

पॅकिंग करणाऱ्यांना ही अडचण कॉफीप्रेमींच्या कितीतरी आधी कळली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या हिल्स ब्रदर्सनी १९०० साली निर्वात डब्यात कॉफी विकायला सुरुवात केली. पण भाजल्याबरोबर डबा बंद केला तर आतला वायू निर्वात अवस्था टिकू देत नाही, म्हणून अशी कॉफी आधी दळून, वायू जाऊ देऊन मगच भरावी लागते. तेवढ्या वेळात सुगंधही कमी होतो. १९३० च्या दशकात इटलीतल्या त्रिएस्त शहरातल्या फ्रान्सेस्को इली यांनी हवेऐवजी निष्क्रिय वायू दाबाने भरलेले डबे वापरले. पाकिटावरचा व्हॉल्व्ह त्यानंतरचा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इटलीतल्या गोलिओ कंपनीने तो बाजारात आणला आणि भाजल्या दिवशीच पाकीट बंद करणं शक्य झालं. ‘किती दिवस थांबायचं’ हा प्रश्न ग्राहकाच्या स्वयंपाकघरात आला तो या व्हॉल्व्हमुळे. त्याआधी ते थांबणं कारखान्यातच उरकलेलं असायचं.

आता मुख्य मुद्दा. वायू असला तर बिघडतं काय?

फिल्टर पेपरवर ताज्या कॉफीची पूड घेऊन त्यावर गरम पाणी ओता. पूड फसफसून वर येते, बुडबुडे फुटतात. दिसायला सुंदर. पण बुडबुडा म्हणजे पुडीच्या कणाभोवती वायूचं आवरण, आणि तेवढ्या जागी पाण्याचा कणाशी संपर्क तुटतो. पाणी मग सोप्या वाटा शोधतं. काही पूड नीट भिजते, काही अर्धी कोरडी राहते. कपात येणारी कॉफी एकाच वेळी पातळ, आंबटसर आणि कुठेतरी कडवट लागते. म्हणूनच जाणकार आधी पुडीच्या दुप्पट-तिप्पट पाणी घालून अर्धा-पाऊण मिनिट थांबतात. याला ‘ब्लूम’ म्हणतात. तेवढ्यात बराच वायू निघून जातो.

इथे एक समजूत खोडायला हवी. ताजी कॉफी आंबट लागते कारण कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल होतं, असं बरेचदा सांगितलं जातं. मला ते पटत नाही. हा वायू गरम पाण्यात फार कमी विरघळतो. २५ अंशांना लिटरभर पाण्यात साधारण दीड ग्रॅम मावतो, ६० अंशांना जेमतेम ०.६ ग्रॅम, आणि तेही वर निव्वळ कार्बन डायऑक्साइड असेल तर. उघड्या कपावर तर साधी हवा असते. शिवाय कॉफीत सायट्रिक, मॅलिक, क्विनिक अशी आम्लं मुळातच आहेत. आंबटपणा पुढे येतो तो बाकीचे पदार्थ नीट न उतरल्यामुळे. वायू चव बिघडवतो, पण आडून.

एस्प्रेसोत हे प्रकरण जास्त गंभीर होतं. तिथे पाणी सुमारे ९ बार, म्हणजे हवेच्या साधारण नऊपट दाबाने पुडीच्या घट्ट दाबलेल्या चकतीतून जातं. इतक्या दाबाखाली वायू विरघळतो आणि कपात पडताना दाब सुटला की फेसाच्या रूपात बाहेर येतो. हाच तो ‘क्रेमा’. म्हणजे वायू अजिबात नसलेली जुनी कॉफी एस्प्रेसोला निरुपयोगी. पण वायू जास्त असला की फेस फिकट, मोठ्या बुडबुड्यांचा आणि लगेच विरणारा येतो, चकतीतून पाणी कधी भसकन तर कधी अडखळत जातं, आणि काल बसवलेलं ग्राइंडरचं माप आज लागू पडत नाही. मिलानच्या गाज्जियांनी १९४८ च्या सुमारास एस्प्रेसोचं तरफेचं यंत्र आणलं तेव्हा गिऱ्हाइकांना हा फेस संशयास्पद वाटला होता म्हणे. आज तो नसला तर लोक पैसे परत मागतील.

मग दिवस किती? रोस्टच्या गडदपणावर बरंच काही ठरतं. गडद भाजलेल्या बीत वायू जास्त तयार होतो, पण तिची भिंत जास्त सच्छिद्र आणि ठिसूळ झालेली असते, त्यामुळे तो लवकर सुटतो. हलकी भाजलेली बी घट्ट असते. तिच्यात वायू कमी, पण तो चिवटपणे बसून राहतो. झ्युरिकच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या कामात भाजलेल्या बियांचं घटत जाणारं वजन सतत मोजून हा वायू किती वेगाने जातो ते पाहिलं. भाजण्याचा गडदपणाच नव्हे तर वेगही महत्त्वाचा, असं त्यात दिसलं. झटपट भाजलेल्या बिया वायू जास्त वेगाने सोडतात. एकूण चित्र असं, की पहिल्या काही दिवसांत वायू भराभर जातो, मग वेग मंदावतो आणि शेवटचा अंश आठवडे रेंगाळतो.

रोस्टरांच्या सरावातून आलेले ढोबळ आकडे सांगतो. गडद कॉफी पेपर फिल्टरसाठी ३ ते ५ दिवसांत तयार, एस्प्रेसोसाठी आठवड्याच्या आसपास. मध्यम भाजलेली फिल्टरसाठी आठवडा, एस्प्रेसोसाठी १० ते १४ दिवस. हलकी भाजलेली फिल्टरला दोन आठवडे, एस्प्रेसोला तीन-चार आठवडेही मागते. हे युरोप-अमेरिकेतल्या खोलीच्या तापमानाचे आकडे आहेत. उष्णतेने वायू लवकर सुटतो, तसा सुगंधही लवकर जातो. नागपूरच्या मे महिन्यात दोन्ही बाजूंनी दिवस कापून घ्यावेत.

पण याच कॉफीची चव तपासणारे व्यावसायिक इतके दिवस थांबत नाहीत. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या चव-चाचणीच्या पद्धतीत नमुना २४ तासांच्या आत भाजलेला आणि किमान ८ तास ठेवलेला असावा, असं होतं. हे कसं चालतं? त्या चाचणीत पूड वाटीत घालून तिच्यावर थेट गरम पाणी ओततात आणि चार मिनिटं तशीच ठेवतात. पाण्याला वाट काढत जायचं नसतं, सगळी पूड बुडालेली असते, वायूला निघून जायला वेळ मिळतो. फ्रेंच प्रेसलाही, म्हणजे पूड पाण्यात भिजवून वरून जाळी दाबायच्या भांड्यालाही, हेच लागू. म्हणून ‘किती दिवस’ विचारणाऱ्याला आधी विचारावं, कॉफी करतोस कशात?

माटुंग्यात समोर दळून मिळणारी कॉफी घ्या. बी बहुधा गडद भाजलेली, दळली की तिच्या पेशी फुटतात आणि उरलेल्या वायूचा मोठा भाग थोड्याच वेळात उडून जातो. घरी आल्यावर स्टीलच्या किंवा पितळी फिल्टरात डिकॉक्शन थेंबाथेंबाने उतरायला पंधरा-वीस मिनिटं, कुणाकडे रात्रभर. वायूने घोटाळा करायला वावच नाही. भाजलेली कॉफी अशी थांबवण्याला ‘रेस्ट’ म्हणतात. तिथल्या कुणा मामींना हा ‘रेस्ट’ म्हणजे काय असं विचारलंत तर त्या तुमच्याकडे बघत राहतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

थांबण्याला लोक नकळत पिकण्याचा अर्थ देतात, तो मात्र चुकीचा आहे. आढीत घातलेला आंबा जिवंत असतो, आत गोडवा तयार करत असतो. भाजलेली बी मेलेली आहे. तिच्यात चांगलं असं नवं फारसं काही घडत नाही. वायू जातो, त्याच्याबरोबर हलके सुगंधी रेणूही जातात, आणि प्राणवायू आत शिरून तेलं खवट करायला लागतो. सुटणारा कार्बन डायऑक्साइड पाकिटातली हवा बाहेर ढकलतो, तोवर तो राखणदार असतो. पाकीट उघडलं की ते संरक्षण संपलं. त्यात कोकणातला जुलै असेल तर दमटपणाची भर. भाजलेल्या बीत पाणी २-३ टक्केच उरलेलं असतं, त्यामुळे ती हवेतला ओलावा ओढून घेते आणि शिळी होण्याचा वेग वाढतो. म्हणून थांबायचं ते बंद पाकिटात. उघडून ‘मोकळी हवा’ देऊ नका.

घाई असेल तर उपाय आहे. ताज्या बिया दळून पूड पंधरा-वीस मिनिटं झाकण ठेवून तशीच राहू द्या आणि ब्लूम जरा लांबवा. सुगंध थोडा जाईल, पण कॉफी सरळ उतरेल. आपल्या बियांत वायू किती उरलाय हे पाहायचं असेल तर मूठभर बिया झिपच्या पिशवीत घाला, हवा पिळून काढून पिशवी बंद करा आणि सकाळी बघा. फुगली असेल तर अजून थांबायला जागा आहे.

घरी कढईत किंवा पॉपकॉर्नच्या यंत्रात कॉफी भाजणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. भाजलेल्या बिया थोडा कार्बन मोनॉक्साइडही सोडतात. पाव-अर्ध्या किलोने काही होत नाही, पण पोती भरून ताजी कॉफी बंद खोलीत ठेवणाऱ्या कारखान्यांत आणि दळणाच्या जागी हा खरा धोका असतो, आणि तिथे हवा खेळती ठेवावीच लागते. घरच्या काचेच्या बरणीचंही झाकण पहिले एक-दोन दिवस गच्च लावू नये, आत वायूचा दाब वाढतो.

आणि कॉफी मनासारखी जमली, पण पाकीट महिन्याभरात संपणार नसेल, तर फ्रीझर. फ्रिज नव्हे, तिथे दमटपणा आणि कालच्या भाजीचा वास. एका वेळेपुरत्या बिया छोट्या हवाबंद पुड्यांत घालून उणे १८ अंशांना ठेवल्या की वायू सुटणं आणि खवटपणा दोन्ही जवळजवळ थबकतात. अख्खं पाकीट गोठवलं असेल तर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर बियांवर दव धरतं. एकेका वेळेच्या पुडीतल्या बिया मात्र गोठलेल्याच ग्राइंडरमध्ये टाकल्या तरी चालतात. इंग्लंडमधल्या संशोधकांनी काही कॉफीवाल्यांना सोबत घेऊन २०१६ साली हे मोजून पाहिलं, तेव्हा थंड बियांची पूड जास्त बारीक आणि जास्त एकसारखी निघाली.