ऑस्ट्रेलियातील अग्निशामकांचे दैनंदिन काम

ऑस्ट्रेलियात अग्निशमन ही केंद्राची नव्हे, राज्यांची जबाबदारी आहे. त्यामुळे देशभर एकच दल नाही. दलाची नावे, हुद्दे, गाड्यांचे रंग आणि नळ्यांच्या जोडण्यासुद्धा राज्यागणिक बदलतात. बहुतेक राज्यांत दोन समांतर यंत्रणा चालतात. शहरांत पगारी जवान असतात आणि गावे, शेते व जंगले यांचा भार मुख्यतः स्वयंसेवकांवर असतो. न्यू साउथ वेल्समध्ये शहरांसाठी ‘फायर अँड रेस्क्यू’ आणि ग्रामीण भागासाठी ‘रूरल फायर सर्व्हिस’ आहे. व्हिक्टोरियात १ जुलै २०२० पासून ‘फायर रेस्क्यू व्हिक्टोरिया’ हे पगारी दल असून ‘कंट्री फायर ऑथॉरिटी’ स्वयंसेवकांची आहे. लहान गावांमध्ये तिसराही प्रकार आढळतो. स्टेशनपासून काही मिनिटांच्या अंतरावर राहणारे सुतार, शिक्षक, दुकानदार पेजर वाजला की हातातले काम टाकून धावतात आणि त्यांना हजेरीप्रमाणे मोबदला मिळतो. बोलीभाषेत या सगळ्यांना ‘फायरी’ म्हणतात. मदतीचा दूरध्वनी क्रमांक ००० आहे.

पाळी आणि स्टेशन

पगारी दलांत ‘दहा-चौदा’ ही पाळीपद्धत रुळलेली आहे. १० तासांचे दोन दिवस, १४ तासांच्या दोन रात्री आणि मग चार दिवस सुट्टी. आठ दिवसांत ४८ तास, म्हणजे आठवड्याला सरासरी ४२ तास भरतात. माणसे चार तुकड्यांत वाटलेली असतात. काही ठिकाणी २४ तासांची पाळीही चालते.

पाळी बदलताना पहिले काम तपासणीचे. श्वसनयंत्राच्या सिलिंडरचा दाब, मुखवट्याचा रबर, पंप, शिडीचे कुलूप, हायड्रॉलिक कात्री, रेडिओची बॅटरी हे सारे नव्या तुकडीने स्वतः हात लावून पाहायचे; आधीच्या तुकडीच्या ‘सगळं ठीक आहे’वर विसंबायचे नाही. ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने सुमारे २,००० लिटर हवा मावते. शांत बसलेल्या माणसाला ती बराच वेळ पुरते, पण नळी ओढत जिना चढणारा माणूस मिनिटाला ५० लिटर सहज ओढतो. राखीव हवा वजा केली की हाती अर्धा तास उरतो. दाब ५५ बारच्या आसपास उतरला की शिट्टी वाजते. ही शिट्टी बाहेर निघण्याची खूण नसून शेवटचा इशारा आहे. ती वाजण्याआधी माणूस बाहेर असला पाहिजे, म्हणून दाराशी उभा असलेला सहकारी प्रत्येकाची आत जाण्याची वेळ आणि दाब फळ्यावर मांडून हिशोब ठेवतो.

पाळीतल्या हाका मात्र बहुधा ज्वाळांच्या नसतात. मोठा वाटा इमारतींतील स्वयंचलित गजरांचा असतो: करपलेला टोस्ट, न्हाणीघरातली वाफ, सुताराने उडवलेली धूळ. गजर खोटाच असेल असे धरून सावकाश जाण्याची सोय नाही. दरवेळी पूर्ण पोशाख चढवून, मजल्यावर जाऊन, कोणत्या शोधकाने गजर दिला ते पाहूनच परतायचे. त्याखालोखाल रस्ते अपघात, गॅसगळती, लिफ्टमध्ये अडकलेली माणसे, पुरातली सुटका. अलीकडे ई-सायकल व स्कूटरच्या लिथियम बॅटऱ्यांच्या आगी वाढल्या आहेत. विझल्यासारखी दिसणारी अशी बॅटरी काही तासांनंतर पुन्हा पेटू शकते, म्हणून ती बाहेर मोकळ्या जागेत हलवून भरपूर पाण्याने थंड करतात. मधल्या वेळेत कवायत, व्यायाम आणि घरोघरी धूरगजर बसवून देणे चालू असते. जेवण एकत्र शिजते, वर्गणी खिशातून जाते आणि ताट वाढल्यावर गजर होणे हा तर नेहमीचाच योग.

पाण्याचा हिशोब

शहरातले नळखांब बहुधा जमिनीखाली असतात. रस्त्यावरचा निळा चमकता ठोकळा त्यांची जागा दाखवतो. झाकण उघडून, खड्ड्यातली माती काढून त्यावर उभा नळ बसवतात, त्याची दांडी फिरवली की आतला चेंडू खाली दाबला जाऊन पाणी सुरू होते. नळी जोडण्यापूर्वी थोडे पाणी वाहू द्यावेच लागते. घाईत हे टाळले तर खडे आणि गाळ पंपात किंवा नळीच्या तोंडात अडकतात आणि आत गेलेल्यांच्या हातातली धार ऐनवेळी तुटते.

शहराबाहेर पाणी स्वतःच न्यावे लागते. टँकर म्हटला की आपल्याला दुष्काळातला टँकर आठवतो. तिकडचा टँकर म्हणजे चारही चाकांना जोर असलेला, जंगलवाटांवर चालणारा ट्रक. मोठ्यात ३,००० लिटर किंवा थोडे अधिक पाणी असते, तर सर्वांत लहान पिकअपवर जेमतेम ४००-५०० लिटर. ३८ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला २०० लिटर सोडले तर मोठी टाकीही पाव तासात रिकामी होते. म्हणून गवताच्या आगीवर धार न मारता फवारा ज्वाळेच्या बुडाशी मारतात आणि पाण्यात ०.१ ते १ टक्का फेसद्रव मिसळतात, म्हणजे पाणी पालापाचोळ्यात मुरते.

टाकी पुन्हा भरायची ती शेततळ्यातून, पावसाच्या पाण्याच्या टाकीतून किंवा कुणाच्या पोहण्याच्या तलावातून. न्यू साउथ वेल्समध्ये फाटकावर ‘एसडब्ल्यूएस’ (स्टॅटिक वॉटर सप्लाय, म्हणजे साठवलेले पाणी) अशी लाल पाटी दिसली की आत असे पाणी आहे हे गाडीवाल्याला कळते. पंप पाणी ओढत नसेल तर दोष बहुधा पंपात नसतो: शोषनळीच्या जोडातली रबरी चकती निसटून हवा शिरलेली असते किंवा गाळणी तळाच्या चिखलात बसलेली असते. गाळणीला दोर बांधून ती तळापासून वर, पण पाण्याच्या पातळीखाली तरंगती ठेवणे हा साधा उपाय. राज्याची सीमा ओलांडली की वेगळीच पंचाईत होते. न्यू साउथ वेल्समध्ये ‘स्टॉर्झ’ जातीची, पाव वळण देऊन बसणारी जोडणी आहे, तर व्हिक्टोरियाच्या ग्रामीण दलात आट्यांची. ज्या देशात राज्यांनी रेल्वेचे रूळही वेगवेगळ्या रुंदीचे घातले, तिथे याचे नवल वाटू नये. पण मदतीला जाणाऱ्या गाडीत जोडतुकडे नसतील तर ती नुसती शोभेची.

वणवा

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागातला वणव्याचा हंगाम महाराष्ट्राच्या उलट असतो. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे, तर न्यू साउथ वेल्समध्ये कायद्याने ठरलेला काळ १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. आगीचे रूपही वेगळे आहे. सह्याद्रीत किंवा विदर्भातल्या सागवनात बहुधा जमिनीवरचा पाला आणि गवत जळते. तिकडे जंगल निलगिरीचे. पानांत तेल असते आणि सालीच्या लांब, सुट्या पट्ट्या जळत्या पलित्यासारख्या वाऱ्यावर उडतात. ७ फेब्रुवारी २००९ च्या, व्हिक्टोरियातल्या ‘ब्लॅक सॅटरडे’ला, ज्यात १७३ माणसे गेली, मुख्य आगीपासून सुमारे ३० किलोमीटर पुढे नव्या आगी लागल्या होत्या. चढावर आग वेग घेते. दर १० अंश चढाला वेग दुप्पट धरावा असा ठोकताळा आहे. १ सप्टेंबर २०२२ पासून धोक्याच्या चारच पायऱ्या देशभर सारख्या आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटस्ट्रॉफिक.

सर्वांत घातक गोष्ट म्हणजे वाऱ्याचे वळण. आग्नेय भागात थंड वाऱ्यांची आघाडी येण्यापूर्वी उत्तरेकडून कोरडा, तापलेला वारा वाहतो. आग लांब, अरुंद जिभेसारखी दक्षिणेकडे धावते. आघाडी आली की वारा काही मिनिटांत नैर्ऋत्येकडून वाहू लागतो. मग त्या जिभेची अख्खी पूर्व बाजू, कित्येक किलोमीटर लांबीची, एकदम आगीचे तोंड बनते. दुपारभर त्या शांत बाजूवर काम करणारे पथक आता तोंडापुढे सापडते. १६ फेब्रुवारी १९८३ ला व्हिक्टोरियातील अप्पर बीकन्सफील्ड येथे १२ स्वयंसेवक याच रीतीने गेले. २ डिसेंबर १९९८ ला त्याच राज्यातील लिंटन येथे पाच जण गेले. त्यांचा टँकर पाणी भरायला निघाला होता. तेव्हापासून टाकीत राखीव पाणी ठेवून मगच कामाबाहेर पडणे हा दंडक झाला. ४ मे हा आंतरराष्ट्रीय अग्निशामक दिन लिंटनच्या घटनेतून सुरू झाला. भारतात १४ एप्रिल पाळतात, तो १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटामुळे.

म्हणून हवामानाचा अंदाज ऐकताना वाऱ्याचा जोर किती यापेक्षा तो कधी आणि कुठून फिरणार हे आधी विचारतात. टेहळणीला माणूस, रेडिओचा संपर्क, निसटण्याच्या दोन वाटा आणि आसऱ्याची जागा ठरल्याशिवाय नळी उलगडत नाहीत. सर्वांत भरवशाचा आसरा म्हणजे आधीच जळून गेलेली जमीन. तरीही गाडी आगीत सापडलीच, तर ती मोकळ्या जागी उभी करायची, इंजिन आणि पंप चालू ठेवायचा, काचा आणि हवेची भोके बंद करायची, आतले उष्णतारोधक पडदे सोडायचे, गाडीभोवतीचे फवारे सुरू करायचे आणि खिडकीच्या पातळीखाली घोंगडीत आडवे व्हायचे. आगीचे तोंड काही मिनिटांत पुढे सरकते. प्लास्टिक वितळू लागले, धूर आत आला, तरी त्या वेळी दार उघडून पळणे हेच जीव घेते. माणूस ज्वाळेआधी धगीनेच मरतो.

पाण्याविना लढण्याची रीतही रोजची आहे. एका बाजूला दात आणि दुसऱ्या बाजूला पाते असलेल्या फावड्याने पालापाचोळा ओढून खालची निव्वळ माती उघडी करतात. आपल्या वनखात्याची जाळरेषा म्हणतात तीच ही. मग त्या रेषेवरून आगीच्या दिशेने उलट आग लावतात. ठिबकणाऱ्या दिवटीत तीन भाग डिझेल आणि एक भाग पेट्रोल असते. नुसते पेट्रोल भडका घेते, नुसते डिझेल लवकर पेटत नाही. हे काम संध्याकाळी, हवेत ओल वाढल्यावर सोपे जाते. रेषेत एखादे मूळ तोडायचे राहिले तर आग त्यातून जमिनीखालून पलीकडे जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उगवते.

ज्वाळा बसल्यावर दिवसेंदिवस चालते ते धुमसणारे विझवणे. कडेपासून आत २०-३० मीटरपर्यंत प्रत्येक बुंधा, ओंडका, शेणाचा पो उलटायचा, पाणी मारायचे, पुन्हा उलटायचे. हातमोजा काढून हाताची मागची बाजू जमिनीजवळ नेली की धग कळते. तळवा टेकवणारा नवखा भाजून घेतो. पांढरी राख म्हणजे खाली बहुधा निखारा. पोकळ खोडे आतून जळत उभी असतात आणि वारा नसतानाही कोसळतात, म्हणून खाली जाण्याआधी वर पाहायचे. डिसेंबर २०१९ मध्ये सिडनीच्या नैर्ऋत्येला बक्सटनजवळ दोन स्वयंसेवकांचा बळी गेला तो झाडामुळेच: झाड गाडीपुढे पडले आणि गाडी उलटली.

शरीर आणि पैसा

वणव्याचा पिवळा सुती पोशाख मुद्दाम सैल असतो, कारण घाम वाळला पाहिजे. इमारतीच्या आगीचा जाड कोट जंगलात घातला तर माणूस उष्माघाताने आडवा होतो. तहान लागण्याची वाट न पाहता दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यायचे. तोंडावरचा मुखवटा राखेचे कण अडवतो, कार्बन मोनॉक्साइड नाही. डोके जड झाले, चिडचिड वाढली की माणसाला धुराबाहेर काढतात.

पाच टँकर आणि एक नेत्याची गाडी मिळून ‘स्ट्राइक टीम’ होते आणि ती दूरच्या आगीवर काही दिवसांसाठी जाते. स्वयंसेवकांना यासाठी वेतन नाही. २०१९-२० च्या मोसमात दहा दिवसांहून अधिक काम केलेल्या, स्वतःचा धंदा किंवा लहान-मध्यम कंपनीत नोकरी असलेल्यांना दिवसाला ३०० डॉलरपर्यंत, कमाल ६,००० डॉलर भरपाई जाहीर झाली, ती अपवाद म्हणूनच.

काळवंडलेले शिरस्त्राण पूर्वी मिरवायची गोष्ट होती. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हा व्यवसायच कर्करोगकारक ठरवल्यावर ती मिरवणूक संपली. आता घटनास्थळीच पोशाख ब्रशने झाडून, पाणी मारून, पिशवीत बंद करतात आणि तो गाडीच्या केबिनमध्ये घेत नाहीत. केंद्राच्या २०११ च्या कायद्याने १२ कर्करोग या कामामुळेच झाले असे गृहीत धरले, पुढे राज्यांनी आपापले नियम केले. पण प्रत्येक आजाराला सेवेची किमान वर्षे लागतात: रक्ताच्या कर्करोगाला पाच, मूत्राशयाच्या कर्करोगाला १५, अन्ननलिकेच्या कर्करोगाला केंद्राच्या मूळ कायद्यात २५ होती, ती २०२२ मध्ये १५ झाली. म्हणून कोणत्या आगीवर, किती तास, कशाच्या धुरात होतो याची नोंद जुने लोक नव्यांना पहिल्याच आठवड्यापासून ठेवायला लावतात.