बंदिवासातील मानसिक आजार व उपचार (कोल्हापूर)

तुरुंगात येण्याआधीपासून असलेला किंवा आत आल्यावर उद्भवलेला मानसिक आजार आणि त्यावरील उपचारांची व्यवस्था. कोल्हापुरात हा विषय कळंबा मध्यवर्ती कारागृह आणि भर शहरातले बिंदू चौक उपकारागृह यांच्याशी निगडित आहे. कळंब्याचे नाव शहरात निघते ते बहुधा अंबाबाईच्या प्रसादाच्या लाडवांमुळे. तिथल्या मनोरुग्णांविषयी सहसा कुणी बोलत नाही.

बेंगळुरूच्या मध्यवर्ती कारागृहातील ५,०२४ बंद्यांच्या, निम्हान्स या तिथल्याच राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या पाहणीत व्यसनाधीनता वगळूनही २७.६ टक्के जणांना मानसिक विकार आढळला. अट्टल दारुड्याची दारू अटकेमुळे एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांत हात कापू लागतात, भास होतात. हा जिवावर बेतू शकणारा आजार; बरॅकीत मात्र 'सोंग करतोय' म्हणून निकालात निघतो. उलट, नैराश्याने गप्प बसलेला बंदी कुणाला त्रास देत नाही, म्हणून नजरेतून सुटतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०३ नुसार अशा बंद्याला तुरुंगातल्याच मनोरुग्ण कक्षात हलवावे. तो कक्ष नसेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाच्या (याच कायद्याने नेमलेल्या) पूर्वपरवानगीने बाहेरच्या मानसिक आरोग्य संस्थेत. याच कलमातली एक तरतूद चमत्कारिक आहे. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी 'तुरुंगात एकही मनोरुग्ण नाही' असे मंडळाला प्रमाणित करून कळवायचे. आजारी माणूस आत पडून राहू नये हा हेतू खरा. पण नैराश्याची गोळी रोज घेणारा बंदी मग कोणत्या रकान्यात लिहायचा?

कच्च्या कैद्याची अडचण निराळी. आजारामुळे त्याला स्वतःचा बचाव करता येत नसेल, तर खटला पुढे ढकलला जातो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३६७ पासून पुढे). त्याला जामिनावर सोडता येते, मात्र सांभाळण्याची हमी देणारा नातेवाईक किंवा स्नेही पुढे यावा लागतो. घरच्यांनी नाव टाकलेल्याला तो कुठून मिळणार? गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार-कार्यकर्त्या शीला बर्से यांच्या याचिकेवर १९९३ मध्येच ठरवले होते. शिक्षेनंतर जडलेला तीव्र मानसिक आजार फाशी रद्द करण्यास कारण ठरू शकतो, असे २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात याच न्यायालयाने मान्य केले.

बंद्याला कोल्हापुरातल्याच सीपीआर या सरकारी रुग्णालयात तपासणीला न्यायचे तरी पोलीस गार्ड लागतो. सर्वांत जवळचे प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीला, आंबा घाटापलीकडे.