संगणकात घडणारा प्रक्षेपक : एसडीआरवरील डिजिटल टीव्हीची पार्श्वभूमी

सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओच्या, म्हणजेच सिग्नलवरील बहुतेक काम सॉफ्टवेअरने करणाऱ्या रेडिओच्या (एसडीआरच्या), साहाय्याने डिजिटल टीव्हीचा प्रक्षेपक एका साध्या संगणकावर उभारता येतो, याचे श्रेय बहुधा स्वस्त झालेल्या उपकरणांना दिले जाते. माझ्या मते त्याचे मूळ डीव्हीबी-टी या जमिनीवरील मनोऱ्यांतून होणाऱ्या डिजिटल टीव्ही प्रक्षेपणाच्या मानकाच्या रचनेतच आहे. १९९७ साली हे मानक प्रसिद्ध झाले तेव्हाही त्यातील सिग्नल बहुतांश वाटचालीत निव्वळ आकडेमोडच होता. ती वेळेत उरकणारा सर्वसाधारण संगणक मात्र तेव्हा नव्हता.

या मानकाचा गाभा म्हणजे ओएफडीएम. एकाच वेगवान प्रवाहाऐवजी माहिती अनेक संथ वाहकलहरींवर वाटून देण्याची ही कल्पना बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट चँग यांनी १९६६ मध्ये मांडली, परंतु प्रत्येक लहरीसाठी स्वतंत्र ऑसिलेटर, म्हणजे लहर निर्माण करणारे मंडल, ठेवणे व्यवहार्य नव्हते. सिग्नल आणि त्यातील वारंवारता यांची सांगड घालणाऱ्या फूरिये रूपांतराने या सगळ्या लहरी एकदमच गणिताने तयार होतात, हे वाइनस्टीन आणि एबर्ट यांनी १९७१ मध्ये दाखवले. हे रूपांतर करण्याची एफएफटी ही जलद रीत कूली आणि टुकी यांनी १९६५ मध्येच प्रसिद्ध केलेली होती. तरीही गणनेचा खर्च पुढे कितीतरी वर्षे आडवा येत राहिला. डीव्हीबी-टीमध्ये १,७०५ वाहकलहरींचा '२के' आणि ६,८१७ लहरींचा '८के' असे दोन प्रकार आहेत. ब्रिटनने १९९८ मध्ये '२के'ने सुरुवात केली, कारण ८,१९२ बिंदूंची एफएफटी करणाऱ्या चिप ग्राहकांच्या सेट-टॉप बॉक्समध्ये परवडण्याजोग्या नव्हत्या.

जोसेफ मिटोला यांनी १९९१ मध्ये 'सॉफ्टवेअर रेडिओ' ही संज्ञा रूढ केली आणि २००१ मध्ये एरिक ब्लॉसम यांनी जीएनयू रेडिओ हा अशा रेडिओसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प सुरू केला. मॅट एटस यांच्या यूएसआरपी या उपकरणामुळे त्याला हवेशी जोडणारा दुवा मिळाला. अडचण होती ती दुव्याच्या रुंदीची. पहिल्या यूएसआरपीची यूएसबी २.० जोडणी सेकंदाला सुमारे ८० लाख सोळा-बिटी नमुने (सिग्नलची क्षणोक्षणीची मोजमापे) वाहून नेई, तर ८ मेगाहर्ट्झच्या डीव्हीबी-टी वाहिनीला ९१ लाखांहून अधिक नमुने लागतात.

२००५ मध्ये फाब्रिस बेलार यांनी वेगळीच वाट काढली. एफएफएमपेग या व्हिडिओ-प्रक्रियेच्या मुक्त सॉफ्टवेअरचे हे जनक. त्यांनी संगणकाच्या साध्या व्हीजीए कार्डातून डीव्हीबी-टीचा सिग्नल निर्माण करून दाखवला. पडद्यासाठी रंगांचे आकडे विद्युतदाबात बदलणारा कार्डातील डीएसी फार वेगवान असतो, आणि आकड्यांचा क्रम अचूक असेल तर त्यातून चित्र निघावे की रेडिओलहर, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. या विषयाच्या इतिहासातला हा सर्वांत बोलका प्रयोग आहे, असे मला वाटते.

पुढील दशकात हॅकआरएफसारखी प्रक्षेपणक्षम एसडीआर उपकरणे आली आणि डीव्हीबी-टी प्रक्षेपणाचे तयार खंड जीएनयू रेडिओत समाविष्ट झाले. १८८ बाइटांच्या पॅकेटला चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून १६ बाइटांची रीड-सॉलोमन जोड देणे, माहितीचा क्रम विखुरणे, चुकांपासून आणखी संरक्षण देणारे कॉन्व्होल्यूशनल कोडिंग, मग उलट एफएफटी आणि शेवटी प्रतिध्वनींपासून वाचवणारा गार्ड इंटर्व्हल, ही सारी साखळी त्यामुळे पडद्यावर जोडता येऊ लागली. २०१८ मधील ऑस्मो-एफएल२के या सॉफ्टवेअरने तर यूएसबीला लावायच्या व्हीजीए अडॅप्टरचाच प्रक्षेपक केला, म्हणजे बेलार यांची युक्ती तेरा वर्षांनी पुन्हा उपयोगी पडली.

जे सॉफ्टवेअरमध्ये आले नाही, ते म्हणजे शेवटचे शक्तिवर्धन. हजारो लहरी अधूनमधून एकाच क्षणी एकत्र उसळतात. त्या उसळ्या छाटल्या गेल्या की सिग्नल शेजारच्या वाहिन्यांत सांडतो. म्हणून अँप्लिफायर आपल्या कमाल क्षमतेच्या बराच खाली, रेषीय पट्ट्यात चालवावा लागतो, त्यानंतर फिल्टर बसवावा लागतो, आणि परवाना नसेल तर अँटेना न लावता अटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा घटक) घातलेल्या केबलमधूनच चाचणी घ्यावी लागते.